६४ हजारांची स्कॉर्पिओ की १ लाख १२ हजारांची ब्रेझा?

प्रश्न : पत्रलेखिका कराडमध्ये राहणाऱ्या खासगी पशुवैद्यक आहेत. पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर रोज ५० किलोमीटरच्या आसपास फिरणं होतं आणि शेवटचे चार-पाच किलोमीटर बहुतेक वेळा कच्च्या, खडकाळ रस्त्याचे असतात. सध्याची २०११ ची वॅगन-आर दगडावर घासून तिचा ऑइल चेंबर दोनदा फुटला. घरात दोन मुलं, सासू-सासरे. पतसंस्थेचं कर्ज धरून ७ लाख जमतात आणि समोर तीन गाड्या आहेत. एक, डीलरकडची २०१७ ची स्कॉर्पिओ : डिझेल, दुसरा मालक, मीटरवर ६४ हजार, किंमत ७ लाख, सासऱ्यांची पसंती हीच. दुसरी, सांगलीच्या एका प्राध्यापकांची जून २०१९ ची व्हिटारा ब्रेझा : डिझेल, पहिलाच मालक, १ लाख १२ हजार किलोमीटर, कंपनीच्या सर्व्हिसची सगळी बिलं, ६ लाख ३० हजार. तिसरी, धाकट्या दिरांनी दिल्लीत शोधलेली २०१२ ची डिझेल फॉर्च्युनर, साडेसहा लाखांना. त्या विचारतात, "लाखावर गेलेली गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं, असं सगळे म्हणतात. यातली सर्वात भरवशाची कुठली? आणि मला गाडीतलं काही कळत नाही, तर फसू नये म्हणून काय करू?"

उत्तर :

डॉक्टर,

भरवशाची गाडी कुठली, याचं उत्तर मॉडेलच्या नावात सापडत नाही. नवी गाडी घेताना ते काही प्रमाणात सापडतं, कारण कारखान्यातून सगळ्या सारख्याच निघतात. पण सहा-आठ वर्षं गेली की एकाच महिन्यात पासिंग झालेल्या दोन स्कॉर्पिओंपैकी एक ठणठणीत असते आणि दुसरीचं इंजिन खोलायची वेळ आलेली असते. ऑइल वेळेवर बदललं का, कोणी चालवली, कुठे चालवली, कुठे ठोकली, यावर ते ठरतं. गाय घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याला तुम्ही नुसती जात बघून पैसे मोजायला सांगत नाही. दात, कास, चाल आणि मागची वेतं बघायला सांगता. जुनी गाडीही तशीच घ्यायची. तेव्हा 'मला काही कळत नाही' हे मनातून काढून टाका, तपासणीची सवय तुमच्या हाताला आहेच.

आता त्या लाखाबद्दल. ब्रेझाचे १ लाख १२ हजार सहा वर्षांत पडले असं धरलं, तर वर्षाला अठरा-एकोणीस हजार होतात. एवढं रनिंग रोजच्या बाजारहाटाने होत नाही, ते बहुतांश हायवेचं असतं. हायवेला इंजिन पूर्ण तापलेलं राहतं, क्लच-ब्रेकला काम कमी, गिअर कमी वेळा बदलतात. वेळेवर ऑइल मिळालेलं या वर्गातलं डिझेल इंजिन दोन लाखांच्या पुढे सहज जातं. उलट स्कॉर्पिओचे ६४ हजार म्हणजे वर्षाला जेमतेम आठ हजार. डिझेल स्कॉर्पिओ घेणारा माणूस वर्षाला आठच हजार चालवत होता, हे अशक्य नाही, पण पुरावा मागावा असं नक्की आहे. मीटर मागे घ्यायला आज लॅपटॉप, एक केबल आणि थोडा वेळ पुरतो. म्हणून आकडा लहान दिसला की हायसं वाटण्याऐवजी त्याची साक्ष कोण देतंय ते बघायचं.

साक्षीदार बरेच असतात. पहिला, कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. गाडीचा नंबर दिला की प्रत्येक भेटीची तारीख, किलोमीटर आणि काम तिथल्या संगणकावर निघतं. मालकाला सोबत न्या किंवा त्याच्याकडून ती यादी मागवा. दर दहा हजारांना एक नोंद हवी. २८ हजारांनंतर थेट ५५ हजारांची नोंद असेल तर मधलं ऑइल कोणी बदललं ते विचारा. नोंदी ४७ हजारांवर थांबून तीन वर्षं काहीच नसेल आणि आज मीटर ६४ दाखवत असेल, तर मीटरवर विसंबू नका. दुसरा साक्षीदार फास्टॅग : टोलच्या दोन-तीन वर्षांच्या स्टेटमेंटवरून गाडी किती फिरली याचा अंदाज येतो. तिसरा टायर. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ६४ हजारांच्या गाडीला फार तर दुसरा जोड असायचा. टायर २०२३ चे आणि तेही गुळगुळीत, म्हणजे मीटरपेक्षा चाकं जास्त फिरलीत. मग ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची वरची कड, चालकाच्या सीटची उजवी बाजू जिथे उतरता-चढताना घासते, हे सगळं नजरेने बघा. पॅडलला नवं रबर आणि स्टिअरिंगला नवं कव्हर दिसलं तर कव्हर काढून बघा.

स्कॉर्पिओ या चाचणीत उतरली तर ती वाईट गाडी मुळीच नाही. लोखंडी चासीवर बसवलेली बॉडी फुटक्या रस्त्यावर वर्षानुवर्षं मार खाते आणि २.२ लिटरचं एमहॉक इंजिन कुठल्याही तालुक्याच्या गावी ओळखीचं आहे. पण तुमच्या गरजेशी ती ताडून बघा. तुमची अडचण गाडीचं पोट दगडाला लागण्याची आहे. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे त्या पिढीच्या स्कॉर्पिओचा ग्राउंड क्लिअरन्स १८० मिलिमीटर, ब्रेझाचा १९८. दिसायला उंच ती गाडी आणि पोटाखाली जागा जास्त असलेली गाडी एकच असेल असं नाही. साधी स्कॉर्पिओ मागच्या चाकांवर चालते. मागे वजन नसलं की पावसाळ्यातल्या निसरड्या कच्च्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरतात. ब्रेझाची पुढची चाकं इंजिनच्या वजनाखाली असल्याने अशा वाटेवर तुलनेने बरी धरतात, फार खडा चढ सोडला तर. फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर) ब्रेझात आणि साध्या स्कॉर्पिओत नाही, आणि तुमच्या वर्णनावरून तुम्हाला त्याची गरजही दिसत नाही.

मुलांचा मुद्दा सासऱ्यांशी बोलताना जरूर काढा. गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ तपासली तेव्हा तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. ब्रेझाला २०१८ मध्ये चार मिळाले. स्कॉर्पिओचाच विचार झाला तर एअरबॅग आणि एबीएस असलेलाच प्रकार घ्या, आणि मागे समोरासमोर तोंड करून बसायचे बाक असतील तर मुलांना तिथे बसवू नका. त्या बाकांना नीट बेल्ट नसतो. एक सोपी खूणगाठ इतर वाचकांसाठीही : १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक मोटारीत चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. जुन्यात निवड करताना शक्य असेल तर त्या तारखेच्या अलीकडची गाडी बघा.

फॉर्च्युनरचा विषय लवकर संपवू. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून राष्ट्रीय हरित लवादाचे आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले, तेव्हापासून तिथल्या जुन्या मोठ्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत जातात. साडेसहा लाख ही तिची पूर्ण किंमत नाही. तिथल्या आरटीओची एनओसी, इथे पुन्हा नोंदणी, महाराष्ट्राचा रस्ता कर, गाडी आणण्याचा खर्च हे सगळं वर. २०१२ ची गाडी १५ वर्षांच्या नोंदणीच्या टोकाला आलेली आहे, म्हणजे फिटनेस, नूतनीकरण आणि आपल्याकडचा पर्यावरण कर लगेच समोर उभा. शिवाय ३ लिटर इंजिनचे इंजेक्टर, क्लच, २६५/६५ आर १७ मापाचे पाच टायर यांचा खर्च तीस लाखांच्या गाडीसारखाच येतो, तुम्ही ती कितीलाही घेतलेली असो. दिरांनी मेहनत घेतली आहे, त्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, पटेल.

राहिली ब्रेझा. कागदावर ती पुढे आहे, म्हणून तिच्याकडे सर्वात कडक नजरेने बघायचं.

तिची पहिली तपासणी इंजिनची नाही, पाण्याची. जून २०१९ पासून गाडी सांगलीत आहे, म्हणजे कृष्णेचे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ हे दोन्ही महापूर तिने तिथे काढले. प्राध्यापकांनी ती वेळेवर उंचावर नेली असेल. विचारा, आणि विचारून झाल्यावर तपासाही. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ किंवा कडकपणा असेल तर पाणी सीटपर्यंत आलं होतं. गाडी धुणारा तिथवर कधी पोचत नाही. मग पुढच्या सीटखाली मोबाइलची टॉर्च लावून सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, गंज नको. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी उचकटून गालिचाखाली हात घाला. डिकीतलं स्टेपनी काढून तिच्या खळग्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ आहे का, डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्ट्यांना लाल गंज आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का ते बघा. काचा बंद करून दहा मिनिटं एसी लावला की कुबट वास येतो का? शेवटी सर्व्हिसच्या यादीत ऑगस्ट-सप्टेंबर २०१९ आणि जुलै-ऑगस्ट २०२१ ही पानं उघडा. गालिचा, वायरिंग, ईसीएम (इंजिनचा संगणक), स्टार्टर अशी कामं एकत्र दिसली तर ती पुराची आहेत. इन्शुरन्सचा दावा झाला होता का तेही कळतं. बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. वायरिंगच्या जोडांमध्ये शिरलेलं पाणी वर्ष-दोन वर्षांनी हिरवा गंज होऊन बाहेर येतं आणि मग आज पॉवर विंडो, उद्या एबीएस, परवा गाडी सुरूच नाही, असं चालू राहतं. रात्रीअपरात्री अडलेल्या म्हशीसाठी निघणाऱ्या माणसाला ते परवडणारं नाही.

पाण्यातून सुटली तर इंजिन. ब्रेझाचं हे १२४८ सीसीचं, ९० अश्वशक्तीचं फियाट मल्टिजेट आहे. धुराचे कडक बीएस ६ नियम आल्यावर, एप्रिल २०२० पासून मारुतीने ते बंद केलं, पण स्विफ्ट, डिझायर, एर्टिगापासून टाटा-फियाटपर्यंत इतक्या गाड्यांत ते बसलं की सुटे भाग आणि हात बसलेले मिस्त्री यांची वानवा नाही. पट्ट्याऐवजी टायमिंग चेन असल्यामुळे पट्टा बदलण्याचा ठरावीक खर्चही नाही. त्याची दुखणी ठरलेली आहेत, आणि ती बहुतेक थंड इंजिनवरच पकडता येतात.

म्हणून आदल्या रात्रीच फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर चहा घेऊन परत या किंवा दुसरा दिवस ठरवा. चावी फिरवल्यावर चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस आणि एअरबॅग यांचे सगळे दिवे आधी लागले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर लागून राहण्यापेक्षा वाईट, कारण फुटलेल्या एअरबॅग लपवण्यासाठी दिव्याची वायर तोडलेली असू शकते. मग डॅशबोर्डवरची स्प्रिंगसारखी खूण विझल्यावर स्टार्टर मारा. पहिल्या दोन सेकंदांत चेनची खरखर ऐकू येणं चालतं. ऑइलचा दाब आल्यावरही ती राहिली तर चेन आणि टेन्शनर थकलेत, आणि ऑइल उशिरा बदलल्याची ती खूण आहे. धूर बघायला कोणाला तरी मागे उभं करा. थंडीत क्षणभर पांढुरका धूर ठीक. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बो किंवा रिंगकडून. रेस दिल्यावर काळाकुट्ट लोट म्हणजे इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा हवेच्या वाटेतली गळती.

चालू इंजिनवर ऑइलचं झाकण अलगद सैल करा. थोडी वाफ दिसेल. पण आगगाडीसारखे ठोके देत धूर उसळला आणि झाकण नाचायला लागलं तर सिलिंडर झिजलेत, तिथेच थांबा. ऑइल मोजायची पट्टी काढल्यावर काळं ऑइल बघून घाबरू नका, डिझेलचं ऑइल दोन दिवसांत काळं होतं. घाबरायचं ते दुधाळ, चहासारखं ऑइल बघून. तिथे कूलंट मिसळलेलं असतं, हेड गॅस्केट गेलेलं असतं. कूलंटची टाकी इंजिन थंड असतानाच उघडा, त्यावर तेलाचा तवंग नको.

चालवून बघायला गाडी कराडला मागवा, पेट्रोल-डिझेलचा खर्च द्या, पण तुमच्या रोजच्या पाटणकडच्या रस्त्यावरच न्या, निदान वीस किलोमीटर. आणि तुम्ही स्वतः चालवा; ती रोज तुम्हालाच चालवायची आहे. सीट पुढे घेतल्यावर क्लच पूर्ण दाबला जातो का, बॉनेटची कड दिसते का, हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

रेडिओ बंद, काचा बंद. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवरून पूर्ण रेस द्या. हे इंजिन दोन हजारांच्या खाली मुळातच आळशी आहे, तो बिघाड नाही. दोन हजार ओलांडल्यावर मात्र मागून ढकलल्यासारखा जोर आला पाहिजे. आला नाही तर टर्बोची आतली पाती काजळीने अडकलीत, किंवा पाइप चिरलाय, किंवा ईजीआर भरलाय. शेवटची दोन कामं किरकोळ, पहिलं महागाचं. मग चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला चढावर रेस द्या : आरपीएमचा काटा झपकन वर जाऊन वेग तिथेच राहिला तर क्लच प्लेट संपली. याच आळशीपणामुळे घाटात लोक ही गाडी हाफ क्लचवर चालवतात, त्यामुळे लाखापर्यंत एकदा क्लच बदललेला असणं अगदी साहजिक. बिल असेल तर उत्तम. नसेल तर तो खर्च तुमच्या वाट्याला येणार असं धरून किंमत पाडा.

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळू गोल फेरी मारा, मग दुसऱ्या बाजूला. टक-टक-टक आवाज म्हणजे पुढच्या चाकाचा सीव्ही जॉइंट. खराब रस्त्यावर वीसच्या वेगाने खट-खट म्हणजे सस्पेन्शनचे लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. स्वस्त कामं आहेत, गाडी नाकारू नका. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं हब बेअरिंगची असते, कधी वाकडे झिजलेल्या टायरची. मागेपुढे कोणी नसताना साठवरून दमदार ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढू नये, स्टिअरिंग थरथरू नये.

ठोकलेली गाडी रंगावरून ओळखायला उन्हात तिरकं उभं राहून बघा, पण खरी गोष्ट बोल्ट सांगतात. बॉनेटच्या बिजागऱ्या आणि फेंडरच्या बोल्टांचा रंग खरवडलेला असेल तर तिथे पाना लागला आहे. दारांच्या चौकटीवरचं रबर ओढून खाली बघा : कारखान्यातले वेल्डचे ठिपके समान अंतरावर, गोल आणि स्वच्छ असतात. डेंटिंगवाल्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं. मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन, पुन्हा मारलेला दोनशेच्या पुढे, आणि पाचशेच्या वर आकडा गेला की आत लांबी (पुट्टी) भरलेली. बंपर, दार, फेंडरला लांबी असेल तर तिकडे दुर्लक्ष करा, गावात गाडी लागतेच. खांब, छप्पर, इंजिनच्या दोन्ही बाजूंचे ॲप्रन आणि पुढचे चासीचे दांडे यांना हात लागलेला असेल तर गाडी सोडून द्या.

शेवटचं काम मिस्त्रीचं. विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला, डिझेलचं काम करणारा मिस्त्री बघा आणि गाडी त्याच्या रॅम्पवर चढवा. दोन-तीन हजार गेले तरी चालतील. त्याला तीन गोष्टी बघायला सांगा : खालून गळती कुठे आहे, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटलेत का, आणि स्कॅनर लावून जुने फॉल्ट काय आहेत. स्कॅनरवर 'फॉल्ट पुसल्यापासूनचं अंतर' असा आकडाही मिळतो. तो १२ किलोमीटर निघाला तर तुम्ही येण्याआधी कोणीतरी फॉल्ट पुसून ठेवलेत. पतसंस्थेच्या मूल्यांकनावर इथे विसंबू नका. ते कर्ज सुरक्षित आहे का बघतात, क्लच नाही. विकणारा थंड इंजिन दाखवायला किंवा तुमच्या मिस्त्रीकडे न्यायला नको म्हणत असेल तर पुढचं बोलणं नको.

कागद. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा आहे, इन्शुरन्स, पीयूसी आणि बोजा (कर्जाची नोंद) बघा, ई-चलनं महाट्रॅफिकवर. आरसीवरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. पैसे बँकेतूनच, आणि ताबा घेताना तारीख-वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट दोघांच्या सहीने करा, म्हणजे आधीच्या चलनांचा वाद राहत नाही. दोन्ही चाव्या मागा. इन्शुरन्स कंपनीकडे १४ दिवसांच्या आत नाव बदलायचा अर्ज करा. तोवर थर्ड पार्टीचं संरक्षण चालू राहतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. प्राध्यापकांचा नो क्लेम बोनस त्यांच्याबरोबर जाईल, वॅगन-आरचा तुमचा तुमच्याकडे येईल. ती विकताना सर्टिफिकेट मागून घ्या. स्कॉर्पिओच घेतलीत तर एक पाहा : १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर पाटी नंतर बसवून घ्यावी लागते, ती बसलेली नसेल तर हस्तांतर अडू शकतं.

पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : सातही लाख किमतीत घालू नका. जुन्या गाडीच्या किमतीच्या दहा टक्के पहिल्या तीन महिन्यांत लागतात. ब्रेझा सहा लाखांच्या आसपास बसवा, सर्व्हिसची बिलं नीट असली तरी क्लच आणि टायर हे घासाघीस करायला रास्त मुद्दे आहेत. उरलेल्या रकमेत टायर, बॅटरी (इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.५ दाखवायला हवी), ब्रेक ऑइल, कूलंट, गिअर ऑइल आणि इंजिनखाली पत्र्याचा मजबूत स्किड प्लेट. हा शेवटचा खर्च विसरू नका. १९८ मिलिमीटर आहेत म्हणून दगड कायम चुकेल असं नाही. खालून ऑइल काढायला त्याला भोक ठेवलेलं असावं, नाहीतर मिस्त्री प्रत्येक सर्व्हिसला तो काढतो आणि एक दिवस बसवत नाही.

एक तुमच्या कामापुरतं. कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचा कंटेनर नेत असाल तर या गाड्यांत डिकी आणि माणसांची जागा एकच आहे, हे लक्षात असू द्या. नायट्रोजनची सतत वाफ होते आणि बंद काचेत ती प्राणवायूची जागा घेते. कंटेनर उभा, पट्ट्याने दोन बाजूंनी बांधलेला हवा, काच दोन बोटं उघडी आणि एसी बाहेरच्या हवेवर. ब्रेझाच्या ३२८ लिटरच्या डिकीत तो औषधांच्या पेटीसह बसतो का, ते गाडी बघायला जाल तेव्हाच ठेवून बघा.

डिझेल तुम्हाला शोभतं, कारण तुमचं रनिंग वर्षाला पंधरा हजारांच्या वर आहे. ज्या वाचकांचं दहा हजारांच्या आत आहे, त्यातही रोज पाच-सात किलोमीटर शाळा-ऑफिस, त्यांनी जुनी पेट्रोल गाडी बघावी. २०२० नंतरची दीड लिटर पेट्रोल ब्रेझा किंवा पेट्रोल नेक्सॉन. बीएस ६ डिझेलमध्ये धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी साठच्या वर पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तो भरतो आणि मोठं बिल देतो. पेट्रोलवाल्यांनी हेही बघावं की एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या २० टक्के इथेनॉल धरून बनलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात. डिझेल डस्टर स्वस्तात मिळते आणि खराब रस्त्यावर फार छान चालते, पण तिला टायमिंग बेल्ट आहे. तो बदलल्याचं बिल नसेल तर घेतल्या दिवशी बदला, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच जातं.

तर क्रम असा ठेवा. आधी स्कॉर्पिओ आणि ब्रेझा दोन्हींची सर्व्हिसची यादी मागवा, घरबसल्या. ब्रेझाची अखंड असेल तर सांगलीला जाऊन पाण्याची तपासणी करा, त्यात उतरली तर थंड स्टार्ट, मग तुमच्या रस्त्यावर चालवणं, मग रॅम्प. कुठेही अडली तर तिथेच थांबा आणि दुसरी ब्रेझा शोधा; २०१८-१९ च्या पुष्कळ आहेत, पुणे-कोल्हापूर पट्ट्यात दर आठवड्याला विकायला येतात. गाडी घरी आली की आधीच्या मालकाने कधीही बदललं असलं तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर पहिल्या आठवड्यात बदला. पुढे तुमच्या धुळीच्या रस्त्यांमुळे एअर फिल्टर दर पाच हजारांना झाडून बघायचा आणि डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी पावसाळ्यात महिन्यातून एकदा खालचा स्क्रू सैल करून काढून टाकायचं.